यंदा कुणाला घ्यायचं

बसा नागोजीराव. कट्ट्यावर नको, तिथं चुना ओला आहे.
वही जरा जपून. गेल्या साली सुळग्याच्या फायनलला
हिच्यावर पाण्याचा जग सांडला,
म्हणून सातव्या पानाच्या धावा आठव्यावर उमटल्यात.
त्या दोनदा मोजू नका.

कडोलीचं मैदान, तीन रात्री, फ्लडलाइट,
आठ षटकांचा डाव,
पहिलं बक्षीस लाख रुपये आणि एक मेंढा.
पट्टीचे भाडोत्री तीन घेता येतील, असं तुम्ही म्हणता.

इराण्णा सगळ्यांनाच हवा.
मॅचला चार हजार, पेट्रोल वेगळं.
एकवीस डाव, सहाशे बारा धावा. पोरं एवढंच वाचतात.
मी तुम्हाला ह्या फुल्या दाखवतो:
पहिल्या चेंडूला तो डोळे मिटतो
तेव्हा मी एक फुली मारतो.
चौदा फुल्या आहेत.
चंदगडच्या एका डावखुऱ्याला हे कळलंय,
दिवाळीपर्यंत तालुक्याला कळेल,
मग चार हजार सोडा,
त्याला पाजलेला चहासुद्धा अंगावर येईल.

दस्तगीर उद्यमबागेत फौंड्रीला असतो.
दिवसभर साचे उचलायचे
आणि रात्री त्याच खांद्यानं आपल्यासाठी फेकायचं.
पहिलं षटक भट्टीतनं काढल्यासारखं,
दुसरं बरं,
तिसऱ्यात राख.
पण सात तारखेला, पगार झालेला असतो तेव्हा,
तिसरंही तापलेलं असतं.
हे कुठल्या सरासरीत बसत नाही,
मी समासात लिहून ठेवलंय.

परशाचं नाव बघा, पेन्सिलीनं आहे.
कॅम्पात भरती निघाली की तो पळायला जातो,
सोळाशे मीटर, दहा सेकंदांनी हुकतो.
लागला तर आपण पहिल्याच रात्री बाहेर,
आणि पेढे मी वाटणार.
नाही लागला
तर पॉइंटला असा हात दुसऱ्या कुणाचा नाही.
रवळनाथाला गाऱ्हाणं तुम्हीच घाला,
मला कुठल्या बाजूनं घालावं कळत नाही.

“काय लिहूलालास बे तू, स्कोअर की कुंडली?”
असं तुम्ही मागंच विचारलं होतं.
नागोजीराव, खरं सांगू?
मार्चपासनं मला लेगचा खांब दिसत नाही.
उजव्या डोळ्यात पिकलंय, डाव्यात पिकतंय.
निम्मा सीझन मी कानानं लिहिला,
आणि एकही टीम भांडायला आली नाही.

म्हणूनच हे शेवटचं पान.

परवा दिवेलागणीला मैदान रिकामं होतं,
रताळ्याच्या वाफ्यात गेलेले चेंडू
कुणी तरी शोधून आणत होतं.
मग एक टोला.
टेनिसचा चेंडू पातळ वाजतो, तडकलेल्या मडक्यासारखा.
हा वाजला
जाड लाकडी दार एकदाच, नीट, लागावं तसा.
पुन्हा. पुन्हा.
चाळीस वर्षांत तो आवाज मी दोनदा ऐकलाय,
त्यातला एक वीटभट्टीवर गेला
आणि दुसरा मी होतो, असं मला वाटायचं.

मी हाक मारली, नाव काय रे?
पांढरा सदरा, तेवढाच दिसला.
“होत्तात री, बर्तेनि,” म्हणाला
आणि बांधावरनं उतरून गेला.

उशीर झाला, येतो.
निघताना येतो म्हणायची रीत
त्यांच्यातही आपल्यासारखीच आहे.

तेव्हा इराण्णाचे चार हजार तूर्त देऊ नका.
दस्तगीरला सात तारखेची मॅच द्या.
आणि ह्या पानावर, बघा, धावा नाहीत, गाव नाही, वय नाही,
मला जमलं तसं कानडी अक्षरात
एवढंच काढलंय:
बर्तेनि.

चष्मा लावा. नीट आलंय का?