जाळं नसलेली कोळीण

कोळीण म्हटलं की टोपली येते, मागोमाग मासे.
म्हणून नोंदवहीत लिहिलं: थैली-कोळी, मादी, एक.
सापडली विश्वामित्रीच्या काठी,
कमाटीबागेच्या मागच्या कुंपणाशी, बरूच्या पात्यात.
पातं तीनदा दुमडलेलं, कडा आतून शिवलेल्या.
तृषाली गुप्ते म्हणाली,
सर, कुणीतरी पाकीट टपालात टाकायला विसरलंय.

मी सर नाही. प्रयोगशाळेतला सहायक,
एकतीस वर्षं बाटल्यांना चिठ्ठ्या लावतोय.

ओळख अशी पटवायची:
रंग पिकत आलेल्या लिंबाचा, पण रंगावर विसंबू नये.
जबडे काळपट,
काढा पिऊन तोंड पुसायचं राहिल्यासारखे.
डोळे आठ, चार-चारच्या दोन ओळी.
पायांची पहिली जोडी सगळ्यात लांब.
चौथी असती, तर घराणं वेगळं.
पाठीवर मधोमध खाच असते पुष्कळांना, हिला नाही.
नसणं हीसुद्धा खूण, असं कारखानीसबाई शिकवायच्या
आणि फळ्यावर काहीच न काढता
खडू खाली ठेवायच्या.

ही जाळं विणत नाही.
रात्री पायी निघते, पुढचे पाय अंधारात चाचपत.
तुडतुडा, माशी, झोपलेली अळी, भेटेल ते.
उजाडलं की पिशवीत.
चावली तर गांधीलमाशीसारखी आग होते,
हे पुस्तकातलं नाही, माझ्या अंगठ्याचं मत आहे.

शेवटची खूण पोटाखाली.
ती पाहायची तर आधी मारावं लागतं,
सत्तर टक्के अल्कोहोलात.
आणि हे गुजरात.
भाईलालभाई कुलपातून मापून देतात,
किती मिली, तारीख, सही, कारण.
मी कारण लिहिलं: कोळी.
ते चष्म्यावरून म्हणाले, करोळियालापण पाजता काय?

संध्याकाळी कात्रीनं पिशवी जराशी उघडली.
आत अंडी, खसखशीहून थोडी मोठी,
आणि वर ती.
पळाली नाही. पुढचे दोन पाय
माझ्या दिशेनं उचलून थांबली.
सकाळी पाहिलं तर चीर बुजलेली.
माझ्या खिशाचे टाके याहून विरळ आहेत.

अल्कोहोलची बाटली मी मागच्या फळीवर सारली.
म्हटलं, उद्या.
मग नवरात्र बसलं. मैदानावरचा गरबा
मध्यरात्रीपर्यंत खिडकीच्या काचेत थरथरायचा.
मी फळमाश्या सोडल्या, तिनं बघितल्या नाहीत.
उपास तिला कुणी सांगितला नव्हता.
उद्या, म्हटलं. परत उद्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पिशवी आतून हलली.
पिल्लं, काचेसारखी, मोजता येईनात.
त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली,
पाय पोटाशी घेऊन,
सुकलेल्या बोराएवढीसुद्धा उरली नव्हती.

तेव्हा मात्र मी काम केलं.
पोटाखालचा कठीण तुकडा लवंगतेलात ठेवला
की पारदर्शक होतो, नकाशा दिसतो.
आतल्या नळीची अडीच वळणं असतील तर हे नाव,
साडेतीन असतील तर ते.
मी मोजली: तीन.
तृषालीला बोलावलं. तीन.
दुपारी, चहा झाल्यावर, परत तीन.

चिठ्ठीवर लिहिलं,
ठिकाण: वडोदरा. पातं: बरू.
जात: ठरली नाही.
आमच्याकडे एवढं मोकळं सोडतात
ते फक्त कोळ्याला.

पिल्लांचा रकाना आहे वहीत.
तिथे शून्य लिहिलंय. खरं म्हणजे
काचेचा पेला मी कुंपणाशी आडवा करून आलो
आणि पोटऱ्यांना कुसळं लागेपर्यंत उभा होतो.

घरी जेवताना बायकोनं बोटांचा वास ओळखला.
दाढ दुखतेय का? म्हणाली.
हो म्हणालो.
रात्री तिनं मऊ भात केला.