पेव

पुण्याहून दोघं आले होते, एक बाई आणि एक पोरसवदा फौजदार.
कागदावर इंग्रजीत तीन अक्षरं. याचा अर्थ काय?
त्याखाली कुठल्या तरी देशातल्या इस्पितळाचं नाव,
आम्हा तिघांनाही धड वाचता न येणारं.

म्हटलं, हरिपूरला चला, दाखवतो.
पाचच्या पुरानंतर बरीचशी बुजली.
जमिनीत खोल पोट, वर अरुंद तोंड,
आत हळद, वर्षानुवर्षं, कीड न लागता.
वरून बैलगाडी गेली तरी कळायचं नाही
खाली कुणाचं काय ठेवलंय.
उघडल्यावर लगेच उतरायचं नसतं.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.

सन्मतीचा बाप, जिनगोंडा मगदूम, हेच काम करायचा.
नखं जन्माची पिवळी.
दिवस मावळायच्या आत जेवण.
पोरगं मशीन उघडायचं तेव्हा
बाप ताट धुऊन अंथरुणावर.

गणपती पेठेत जिन्यावरच्या खोलीत माझा क्लास.
सहा महिन्यांत तो मला शिकवू लागला.
मी मात्र गावभर सांगायचो, माझ्या हाताखालचा पोरगा.

मग काम यायला लागलं, रात्रीचं.
पलीकडून कुणीतरी मोडक्या इंग्रजीत लिहायचं,
एक कुलूप बनव.
छान आहे.
आता असं बनव, की किल्ली आपल्याचकडे राहील.
जुने अडते उपरण्याखाली बोटं दाबून हळदीचा भाव करत,
तसंच आहे मास्तर, तो म्हणाला,
फक्त उपरणं मोठंय.
मी हसलो होतो.

मिरजेत बापाचे दोन्ही मोतीबिंदू निघाले.
बहिणीचं लग्न झालं, जयसिंगपूरला दिली.
तो दुबईला गेला. तिथून पुढे कुठे, बोलला नाही.
एकदा बर्फाचा फोटो आला,
मागे गाडीला टेकून दोन माणसं, कॅमेऱ्याकडे न बघणारी.
खाली लिहिलं होतं, पासपोर्ट यांच्याकडे असतो,
आणि पुढे एक हसरा चेहरा.

अकरा दिवस इस्पितळ बंद पडलं होतं.
किती गेले, बाईंनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
मुंग्यांची रांग दिसली की जिनगोंडा अजून
पाय उचलून पलीकडे टाकतो.
त्याला सांगितलंय, कामात अडकलाय.

जबाब दिला. तारखा, नंबर, सगळं.
पानोपानी सही केली.
एवढंच राहून गेलं,
की दोन हजार सातच्या जूनमध्ये
पाच मशिनींच्या परवान्याला पैसे नव्हते म्हणून
पहिलं कुलूप मीच त्याच्याकडून फोडून घेतलं.
दहा मिनिटं लागली.
बक्षीस म्हणून मी खालून भडंग आणलं.
पुडी मध्ये ठेवून खात बसलो दोघं,
तो लसणीचा एकेक तुकडा वेचून
कागदाच्या कडेला ठेवत होता.