बारावा मसुदा

कचरा म्हणजे काय
हे ठरवायला मला अकरा महिने लागले.

'जी वस्तू धारकाने टाकली आहे,
किंवा टाकायचं त्याच्या मनात आहे' –
पहिल्या मसुद्यात एवढंच होतं.
उद्योग खात्यानं 'मनात'वर हरकत घेतली.
मनातलं तपासायला निरीक्षक कुठून आणायचे, म्हणाले.

मोन्तेविदेओतला ऑगस्ट.
नदीवरचा वारा खिडकीच्या फटीतून येतो,
माझ्याआधी फाइल चाळतो.
टेबलावर येर्बाचा थर्मास, आणि सल्लागारांनी पाठवलेलं वर्तुळ:
चार हिरवे बाण,
निर्मिती, वापर, दुरुस्ती, पुन्हा निर्मिती.
इतकं गुळगुळीत, की सोनारानं आधी विचारलं असतं,
डाग कुठे दिलाय?

मी विचारलं नाही.
मी पोटकलमं लिहिली.

जनसुनावणी सेर्रोत, बोचसच्या क्लबात.
कोपऱ्यात लाकडी चेंडू, भिंतीवर एकोणीसशे एकाहत्तरचा विजेता संघ,
तेवीस माणसं.
बाहेर कुंपणाला बांधलेली एक घोडी अधूनमधून फुरफुरत होती.
मी वर्तुळ पडद्यावर फिरवून दाखवलं.
प्रश्न?

मागच्या रांगेतून वाल्देमार सिल्बेरा उठला.
टोपी हातात. नखांत शाई की ग्रीस, कळेना.

'प्रश्न नाही, बाई. चूक आहे.
सातव्या मसुद्यात, कलम चौदात,
"वर्गीकरण करणारे कामगार व त्यांची कुटुंबं" असं होतं.
अकराव्यात "अधिकृत परिचालक" आहे.
मधल्या चार मसुद्यांत आम्ही कुठे गेलो?'

सातवा मसुदा कधी बाहेर गेलाच नव्हता.
संचालकांनी माझ्याकडे पाहिलं.
मी चेंडूंकडे.

'तुमचा कागद चांगला असतो,' तो म्हणाला,
कौतुकानंच.
'पांढरा, जाड, एकाच बाजूला छापलेला.
मंगळवार-शुक्रवार मागच्या दाराशी मिळतो.
कोऱ्या बाजूवर नात गणितं करते,
छापलेली मी वाचतो. हिवाळ्यात रात्र सरत नाही.
आणि घोडीचं बघा जरा.
परिशिष्ट तीनमध्ये ती "वाहन" आहे,
पाचमध्ये तिची लीद "सेंद्रिय प्रवाह".
घोडी स्वतः कुठेच नाही.'

कुणीतरी हसलं. मग सगळेच.
तो हसला नाही, बसलाही नाही.
पडद्याकडे बोट करून म्हणाला,
'हे बाण ओढतं कोण?'

रद्द झालं की रद्दी,
एवढंच मला ठाऊक.
रद्दी कुणी दिव्याखाली धरतं,
एका मसुद्याला दुसरा लावून बघतं,
गेलेला शब्द कुठून गेला ते शोधतं,
हे कुठल्याच कार्यशाळेत शिकवलं नव्हतं.
माझी व्याख्या त्या रात्रीच बाद झाली होती,
ज्या रात्री त्याच्या घरात ती पहिल्यांदा वाचली गेली.

बुधवारी खात्यानं कागद कातरायचं यंत्र घेतलं.
गोपनीयतेसाठी, असं परिपत्रकात.
कातरलेल्या कागदाचा धागा तुटतो,
त्याचा भाव निम्म्यानं पडतो.
आणि कलम नऊ सांगतं,
'पदार्थाचं मूल्य शक्य तितका काळ टिकवावे.'
कलम नऊ मीच लिहिलंय.

बाराव्यात मी 'कुटुंबं' परत घातलं.
संचालकांनी खोडलं.
पुन्हा घातलं. त्यांनी पेन्सिलीनं खोडलं,
म्हणजे अजून बोलता येईल.
घोडीसाठी मात्र शब्द सापडेना.
'सजीव सहकारी' लिहिलं, माझं मलाच हसू आलं, काढलं.
तिचं नाव विचारायचंही राहिलं.

आज गुरुवार.
यंत्र लिफ्टशेजारी गुरगुरतंय.
बारावा मसुदा, सत्त्याऐंशी पानं,
पेन्सिलीच्या खुणांसकट,
न दुमडता, न चुरगाळता,
मी डब्यात सगळ्यात वर ठेवला.
एकाच बाजूला छापलेला.

घोडीच्या कलमापाशी समासात जागा सोडलीय,
दोन ओळींची.