उंदराची कणगी

सारनेचं फूल वाखाणण्यासारखं नसतं.
करपलेल्या गुळाच्या रंगाचं,
मान खाली घालून उभं,
आणि वास असा की माश्या धावून येतात
आणि माणसं नाक धरतात.
जुलैत कोवरान नदीकाठचं अख्खं कुरण त्यानं काळवंडतं,
पण एक देठ कुणी घरी नेत नाही.

आम्ही तिला ओळखतो खालच्या बाजूनं:
मातीत, मूठभर भात लिंपून ठेवावा तसा
पांढरा गड्डा,
बोट लावलं की शीत शीत सुटणारा.

बर्फ मे महिन्यापर्यंत हलत नाही.
पहिली कित्येक वर्षं ती एकच पान वर धाडते,
बघून ये म्हणते, काय चाललंय,
आणि ऑगस्टात परत बोलावून घेते.
फूल सहाव्या वर्षी. सातव्या,
डोंगरानं राख ओकली तर.
तिला घाई नाही.
घाई उंदरांना.

सप्टेंबरात आग्राफेना आत्या काठी घेऊन निघायची,
कुरण ठोकत ठोकत.
घट्ट. घट्ट. घट्ट.
पोकळ.
मग गुडघे टेकून मातीचं झाकण उचलायची
आणि आत कणगी: मुळ्या कुरतडून, माती झटकून
रचलेली शितं,
आमच्या फडताळाहून नीटनेटकी.

अर्धी आमची, अर्धी त्याची.
आमच्या अर्ध्याच्या जागी सुक्या माशाचा तुकडा
आणि एक लाल चिंधी,
"त्याच्या बायकोला, थंडीची."
सगळं नेलंस तर, ती सांगायची,
उंदीर फांदीच्या बेचक्यात मान अडकवतो
आणि लटकून जीव देतो.
मी हसायचे.
ती हसायची नाही.

तिच्या गुडघ्यांनी नकार दिला त्या वर्षी
मी मासळीच्या कारखान्यातून चार दिवस रजा काढली.
एकटी गेले. ठोकलं. लागलं.
पिशवी भरल्यावर खिसे चाचपले,
तर मासा घरीच राहिलेला,
टेबलावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
कोटाचं बटण तोडून ठेवलं
आणि झाकण लावलं.

आत्यानं शितं उकडली, कुटली,
सीलच्या चरबीत, रानफळांत कालवली.
एक घास घेतला.
"काय ठेवलंस?"
"मासा."
ती चावत राहिली, चावत राहिली,
मग माझ्या कोटाकडे बघून म्हणाली,
"बटण शिजत नाही गं, उल्याना."

जानेवारीत तिच्यासाठी आले ते उशिराच.
चौथ्या दिवशी मासा घेऊन कुरणात गेले.
काठी ठोकली.
बर्फावर सगळीकडेच पोकळ वाजत होतं.
कुठंतरी ठेवला. पाठ वळताच
डोमकावळ्यानं उचलला.

उंदीर मुळात गळका हमाल,
हेही तीच म्हणायची:
निम्मं ओझं वाटेत सांडतो,
म्हणून तर कुरण सरकत सरकत नदीपर्यंत आलं.

जूनमध्ये, बिळापासून सातेक पावलांवर,
जिथं मागच्या साली काही नव्हतं,
एक पान.
एकच, ओलं, अजून अर्धं गुंडाळलेलं.
सहा वर्षं, मी मोजली.
राख पडली तर सात.

वाकून वास घेतला.
पानाला वास नसतो.