शून्य पूर्णांक चार

मे महिन्यात परभणीत
इन्क्युबेटर ही आमच्या इमारतीतली सगळ्यात थंड जागा.
बाहेर चव्वेचाळीस, आत सदतीस.
फरहाना मॅडम दार उघडून क्षणभर गाल पुढे करतात
आणि मग बशा मोजायला घेतात.

मोजणं त्यांचं, रेघा माझ्या.
मी गणितवाली. जिवाणूची आणि माझी ओळख
फक्त वीस मिनिटांची:
एकाचे दोन, दोनाचे चार,
सकाळी एक सोडला तर डबा उघडेपर्यंत लाख,
आणि खायला काही उरलं नाही की
रेघ आडवी होते, पाय पसरून बसते.

औषध घालायचं म्हणजे
तिच्यात एक वजाचं चिन्ह घालायचं.
रक्तात औषध दाट, तर मार मोठा.
पण दाटपणा दर काही तासांनी निम्मा होत जातो,
म्हणून दुसरी गोळी वेळेवर हवी, तिसरी, चौथी,
नाहीतर खाली उतरणारी रेघ
मध्येच थबकते,
मागे वळून बघते
आणि चढायला लागते.

मानवतला अण्णांचं मेडिकल आहे.
गल्ल्याशेजारी सुतळीला बांधलेली कात्री,
पात्यांना चंदेरी चुरा.
दहाची पट्टी. खटक्. दोन.
औषधाचं नाव गिऱ्हाइकासोबत जायचं,
तारीख आमच्याकडे राहायची, नाहीतर उलटं.
शाळेतून आले की मी उरलेले तुकडे
एकमेकांना लावून बघायचे, कुठला कुणाचा.

मला खरे आकडे हवे होते.
अण्णांनी उधारीच्या वह्या दिल्या, सात वर्षांच्या.
सखूबाई डोईफोडे, लेकराला ताप, २.
मुनीर टेलर, दाढ, ३.
आणि यंदाच्या पानावर:
पुलापल्याडची, नाव नाही, लेकरू, २. बाकीच्या नंतर नेते म्हणाली.
“नंतर”पुढे कोरी ओळ.

सगळ्या गोळ्या घेतल्या तर सातव्या दिवशी
माझ्या कागदावर शून्य पूर्णांक चार जिवाणू उरायचा.
मॅडम हसल्या. असा जिवाणू नसतो, बाई.
एक असतो, नाहीतर नसतो.
समीकरणाला हे कळत नव्हतं,
ते त्या चार दशांशालाही खाऊपिऊ घालायचं
आणि सोमवारपर्यंत पुन्हा कोटी.
मग मी त्याच्यात नाणं उडवायला शिकवलं:
मरेल, न मरेल. मरेल, न मरेल.
हजारदा चालवलं.
सात दिवसांचं औषध: हजारात नऊ वेळा कुणीतरी वाचलं.
दोन गोळ्यांचं चालवलं, आणि तो आकडा
पर्समध्ये घालून मानवतला गेले.

अण्णांनी चष्मा वर केला.
“नंतर आली न्हाई म्हंजे बरं झालं आसंल लेकरू.”
मी म्हटलं, किंवा.
“किंवा काय?”
पंखा फिरत राहिला, बिलं फडफडली.
“तिच्यापाशी वीस रुपये हुते.
तुझ्या गणितात ते कुठं बसायलेत?”

नव्हते बसले.
परतीच्या एसटीत तिकिटाच्या पाठीवर
एक नवं पद मांडायला घेतलं.
ग्रीक अक्षरं पुष्कळ शिल्लक होती.
पाथरीचा फाटा गेला तरी एकही लावता आलं नाही.

नंतरच्या बुधवारी अण्णांचा फोन:
“ती आलती. पुलापल्याडची.”
लेकरू?
“आणलं न्हवतं. त्याच गोळ्या मागायलती, आणखी दोन.”
पुढचं मी विचारलं नाही.
लाईनवर बराच वेळ दुकान ऐकू येत होतं.

मॅडमनी बशी उजेडात धरली.
औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ गोल,
नुकत्याच सारवलेल्या ओट्यासारखा,
आणि गोलाच्या आत, कडेपासून लांब,
एक पांढरा ठिपका.

हा धरायचा का, मी विचारलं.
त्यांनी आधीच लिहिलं होतं: १.