तेवढंच

नमद्याखाली अंगुस्तान सरकवलं
की सात महिन्यांची बेगायिम
दुसरीकडेच बघायची. नव्हतंच ते कधी.
मग एका थंडीत, तंबूवर बर्फ साचलेला असताना,
तिनं नमद्याचा कोपराच उचकटला.
त्यानंतर घरात काही लपेना.

चौथ्या वर्षी भांडली
घोडीच्या आंबट दुधावरून: मला कमी!
वाडग्यातलं तेवढंच
मी उंच पेल्यात ओतलं.
"आता कसं!" म्हणाली,
ओठांवर पांढरी मिशी.

यंदा नऊची.
सोंगकोलच्या कुरणावरून धार काढून आली,
धाकटा एल्दोस भोकाड पसरून बसलेला.
फडताळात मागे गेलेला
तोच पेला तिनं शोधून काढला.
ओतताना माझ्याकडे बघितलं,
पापणीही न हलवता.

मी चुलीत गोवरी सरकवली.
पाच वर्षांपूर्वीचा हिशेब
तिला लागला होता,
कधी कोण जाणे.