तपकिरी

वूच या नावाचा अर्थ होडी.
शहरातल्या नद्या मात्र केव्हाच जमिनीखाली घातल्या.
गिरण्या होत्या तेव्हा त्या
दर वारी निराळ्या रंगाने वाहायच्या,
असं बोगुमिल सांगतो.
एकतीस वर्षं रंगखात्यात होता.

लघवीतून रक्त जातंय, असं तो डॉक्टरांना म्हणालाच नाही.
म्हणाला, "चेरी, बेचाळीस नंबर. दोन धुण्यांनंतरचा."

मीही रंगारीच.
माझं कापड चार मायक्रॉनचं,
त्याच्या मूत्राशयाचा एक कपटा, काचेवर डकवलेला.
निळ्यात बुडवायचा, तपकिरीची वाट पाहायची.

पेशीचे बरेचसे राखणदार दाराशी असतात.
हा एक पार गाभाऱ्यात बसलेला.
स्निग्धाचा कण येऊन खांद्याला लागला
की उठतो, सोबत्याचा हात धरतो,
पोथीतलं नेमकं पान उघडून वाचतो:
तू भिंत आहेस बाई, भिंतीसारखी वाग.
तसा भला माणूस.

बोगुमिलच्या गाठीत तो खाली बसायचंच विसरलाय.
कुणी बोलावलेलं नसताना उभा, वाचत सुटलाय,
आणि बाहेर आलेल्या शिपायांना
घरात सगळं ठीक आहे म्हणून परत लावतोय.
क्षयाच्या लशीचे सहा बुधवार
त्यातच गेले. जळजळ तेवढी झाली.

आता चाचणीतली गोळी.
डॉक्टर यागोदा म्हणतात, ती त्याला मारत नाही,
मांडीवर बसून राहते, उठू देत नाही.

त्याला काच बघायची होती.
नियमात बसत नाही, तरी दाखवली.
चष्मा काढून तो बराच वेळ वाकून होता.
"सारखा चढलाय," म्हणाला. "कड सुटलेली नाही.
पक्का आहे?"
मी म्हटलं, हो.
मग वाटलं, कशाला म्हटलं.

मार्चमध्ये दुसरा कपटा आला.
केंद्रकं तशीच तपकिरी.
तो उभा आहे की बसलाय,
हे माझा रंग सांगत नाही.
कडेला मात्र काही बारीक गोल निळ्या पेशी,
मागच्या खेपेला नव्हत्या.
दोनदा मोजल्या. सतरा.

संध्याकाळी त्याचा फोन.
"विटला का?"
नाही, म्हटलं.
पलीकडे नळ वाहत होता,
तो काहीतरी धूत असावा.
"बरं," म्हणाला, "चांगला रंग विटायला वेळ घेतो."